‘संदर्भ हवा’: मराठी कोशांची वाटचाल आणि रायगड किनाऱ्यावरचा एक पॉडकास्ट



आजच्या विषयाला एक छोटं निमित्त आहे, ते आधी सांगतो. अलिबागपासून मुरूडपर्यंतच्या पट्ट्यातली आम्ही काही मंडळी मिळून एक पॉडकास्ट करतो. कोणी शिक्षक आहे, कोणी वाचनालय सांभाळतं, कोणाची शेती आहे. पुढचा भाग विकिपीडियावर करायचा असं ठरलं आणि आम्ही नियोजनाला बसलो. कागदावर पहिला मुद्दा आला, ‘विकिपीडिया म्हणजे काय’. दुसरा आला, ‘त्यात लिहायचं कसं’. मग आपल्या भागातलं काय लिहायचं याची यादी करायला घेतली आणि गाडी तिथेच अडली. यादीतल्या निम्म्या गोष्टी आम्हाला माहीत होत्या, गावाला माहीत होत्या, पण कुठे छापलेल्या सापडत नव्हत्या. आणि विकिपीडिया विचारतो ते हेच: कुठे छापलंय?

मराठी विकिपीडिया वाचणाऱ्यांनी वाक्याच्या शेवटी चौकटी कंसात दोन शब्द पाहिले असतील, ‘संदर्भ हवा’. आज या दोन शब्दांचा इतिहास सांगायचा आहे. एखाद्याचं म्हणणं ज्ञान म्हणून कोशात केव्हा जातं आणि केव्हा बाहेर राहतं, हे मराठीत गेल्या दीडशे वर्षांत वेगवेगळ्या पद्धतीने ठरत आलं. ते समजलं की पॉडकास्टचा तो भाग कसा असावा, हेही आपोआप समजतं. म्हणून आधी इतिहास आणि शेवटी नियोजन, असा क्रम ठेवू.

बाहेरून आलेल्यांनी लिहिलेला किनारा

आपल्या किनाऱ्याबद्दल जुनं काय लिहिलेलं आहे, असं कोणी विचारलं तर पहिली नावं परक्यांची निघतात. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला अरब प्रवासी अल-मसूदीने सैमूरचं, म्हणजे चौलचं वर्णन केलं. पंधराव्या शतकात रशियन व्यापारी अफनासी निकितिन चौलला उतरला. त्याची आठवण म्हणून रेवदंड्यात स्मारकही आहे. पुढे पोर्तुगीज आले आणि त्यांनी आपले कागद ठेवले. या सगळ्यांशी चौलच्या बाजारातली माणसं बोलली असणारच. भाव सांगितले असतील, रस्ता दाखवला असेल. पण आज संदर्भ निकितिनचा दिला जातो. रस्ता दाखवणारा कोण होता, हे कुठल्याच कागदावर नाही.

मग येतं गॅझेटिअर. मुंबई सरकारने जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली जिल्ह्याजिल्ह्यांचे ग्रंथ काढले. त्यातला अकरावा खंड ‘कुलाबा आणि जंजिरा’ १८८३ साली आला. तरुण श्रोत्यांसाठी सांगायला हवं की आजचा रायगड जिल्हा १ जानेवारी १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा होता. त्यामुळे जुने कागद शोधताना ‘रायगड’ टाकलं तर बहुतेक किल्लाच हाती लागतो. जिल्हा हवा असेल तर ‘कुलाबा’ शोधावं लागतं.

हा खंड म्हणजे एका अर्थी सामूहिक कोशच होता. जिल्ह्यातल्या अधिकाऱ्यांकडून माहिती मागवली जायची. अधिकारी कचेरीतल्या माणसांना विचारायचे, कचेरीतली माणसं गावच्या जाणत्यांना. भाताच्या जाती, मिठागरं, खाड्या, बंदरं, जत्रा, जमिनीचे हक्क हे सगळं त्यात आहे आणि पुष्कळ बारकाईने आहे. समुद्राकडून मिळवलेल्या शिलोत्री जमिनींची माहिती आजही आपण तिथेच शोधतो. पण ही साखळी वर चढत गेली तशी खालची नावं गळत गेली. प्रस्तावनेत साहेबांचे आभार राहिले, गावात सांगणारा ‘स्थानिक लोक म्हणतात’ या तीन शब्दांत मावला.

आणि माहिती गोळा करणाऱ्याची नजरही त्या पानांत उतरली. गॅझेटिअरमध्ये जातीजातींची वर्णनं आहेत. अमुक लोक कष्टाळू, तमुक व्यसनी, असे एका ओळीचे निकाल देऊन लेखक पुढे जातो. आपल्याच आजा-पणजांबद्दलचे हे शेरे वाचताना आज कानशिलं तापतात. पुढे इंग्रजी विकिपीडियावर जातींच्या लेखांवरून खूप वाद झाले, आणि जातींबद्दल ब्रिटिशकालीन वर्णनं विश्वासार्ह धरू नयेत, हा संकेत तिथल्या संपादकांत रुजत गेला. म्हणजे छापलेलं आहे एवढ्याने भागत नाही. कोणी, कोणाला विचारून, कशासाठी छापलं, हेही पाहावं लागतं. आमच्या भागात हा मुद्दा सुरुवातीलाच घ्यायचा असं ठरलं आहे, कारण ‘विकिपीडियावर काहीही असतं’ असं म्हणणारी मंडळी छापील पुस्तकाला मात्र हा प्रश्न विचारत नाहीत.

किहीमचा माणूस आणि चाळीस वर्षांची वाट

आता आतून लिहिणाऱ्याचं एक उदाहरण घेऊ. आपल्या किनाऱ्यावरचे बेने इस्रायल म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. पूर्वज गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले, सात जोडपी वाचली, ही त्यांची परंपरेने चालत आलेली कथा. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना नाव दिलं शनिवार तेली. आडनावं बघा: रोहेकर, पेणकर, नवगावकर, किहीमकर. गावं त्यांच्या आडनावात अजून वस्तीला आहेत.

गॅझेटिअरने त्यांच्याबद्दल लिहिलं. पण त्यांच्यातलेच एक गृहस्थ, हाईम सॅम्युएल केहीमकर, यांना आपल्या समाजाचा इतिहास आपण लिहावा असं वाटलं. घराघरांतल्या चालीरीती, कथा, नावं, सणवार त्यांनी गोळा केले आणि १८९७ च्या सुमारास इंग्रजीत ग्रंथ तयार केला. तो छापून आला १९३७ साली, तेल अवीवमध्ये. लेखक तोवर हयात नव्हते.

ही चाळीस वर्षं लक्षात ठेवण्यासारखी आहेत. हस्तलिखित तयार होतं, लिहिणारा समाजातला होता, माहिती पहिल्या हातची होती. पण ते प्रसिद्ध होईपर्यंत जगाच्या दृष्टीने संदर्भ एकच, बाहेरच्याने लिहिलेला. १९४८ नंतर यातली बरीच कुटुंबं इस्रायलला गेली. केहीमकरांचं पुस्तक निघालं नसतं तर किनाऱ्यावरच्या त्या घरांमधलं किती तरी आज फक्त ‘असं म्हणतात’ या सदरात उरलं असतं. मनात असणं, बोलून दाखवणं, लिहून ठेवणं आणि प्रसिद्ध करणं या चार वेगळ्या पायऱ्या आहेत. आपल्याकडची बरीच माहिती दुसऱ्या पायरीवर बसून असते.

केतकरांची कंपनी

इथून आपण किनारा सोडून जरा नागपूर-पुण्याकडे जाऊ, कारण मराठी माणसांनी मराठीत ज्ञानकोश करायचा, हा उद्योग तिकडे उभा राहिला. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर, जन्म १८८४. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकले, डॉक्टरेट घेतली, भारतातल्या जातिसंस्थेवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. परत आल्यावर त्यांनी ठरवलं की मराठीत ज्ञानकोश करायचा.

पैसा कुठून आणायचा? सरकार परकं, संस्थानिकांचा भरवसा नाही. केतकरांनी मर्यादित कंपनी काढली. भाग विकून भांडवल जमवलं, वर्गणीदार मिळवले आणि सहकाऱ्यांची फळी बसवून नोंदी लिहून घेतल्या. १९२० च्या दशकात ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ तेवीस खंडांत बाहेर आला. पहिले पाच प्रस्तावना खंड, मग अकारविल्हे नोंदी आणि शेवटी सूची व हिंदुस्थानविषयीचा खंड. मराठीसारख्या भाषेत, त्या काळात, लोकांच्या पैशावर तेवीस खंड. आजही आकडा ऐकून माणूस क्षणभर थांबतो.

पण आजच्या विषयासाठी केतकरांचं दुसरं एक पुस्तक जास्त महत्त्वाचं आहे. कोशाचं काम संपत आलं तेव्हा त्यांनी त्या कामाचाच इतिहास लिहिला, ‘माझे बारा वर्षांचे काम ऊर्फ ज्ञानकोश मंडळाचा इतिहास’. कोश कसा झाला, हे वाचकाला कळलं पाहिजे असं त्यांना वाटलं. विकिपीडियाच्या प्रत्येक पानावर ‘इतिहास पहा’ अशी कळ असते. ती दाबली की कोणत्या तारखेला कोणी काय बदललं हे सगळं दिसतं. केतकरांनी जे पुस्तक लिहून केलं, ते इथे प्रत्येक लेखाबरोबर यंत्र करतं. कोश माणसं करतात आणि करताना भांडतातही. ते लपवू नये, हा विचार मराठीला विकिपीडियाने शिकवला असं समजायचं कारण नाही.

या कामातून माणसंही तयार झाली. ज्ञानकोशात काम केलेले यशवंत रामकृष्ण दाते पुढे चिंतामण गणेश कर्वे यांच्याबरोबर ‘महाराष्ट्र शब्दकोशा’च्या कामाला लागले आणि १९३० च्या दशकात त्याचे सात विभाग निघाले. एक कोश संपला की त्यातून दुसऱ्या कोशाचे कारागीर निघतात. पॉडकास्टचा भाग ऐकून एखाददुसरी व्यक्ती जरी नोंदी करायला बसली, तरी आम्ही तो फायदाच धरू.

केतकर १९३७ मध्ये गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी आपल्या कायद्याप्रमाणे मालकीहक्क संपतो, त्यामुळे त्यांचं लेखन आता सगळ्यांचं आहे. यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानने ज्ञानकोश ऑनलाइन आणला आहे. घरबसल्या वाचता येतो.

वाईचा विश्वकोश

महाराष्ट्र राज्य झालं आणि कोशाची जबाबदारी सरकारने उचलली. १९६० साली साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झालं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी अध्यक्ष झाले आणि साताऱ्यातल्या वाई या गावी मराठी विश्वकोशाचं काम सुरू झालं. १९७३ मध्ये परिभाषेचा खंड, १९७६ मध्ये पहिला संहिता खंड आणि विसावा खंड २०१५ मध्ये. मोजून बघा, अर्ध्या शतकाहून अधिक काळ.

पद्धत कडक होती. विषयाचा तज्ज्ञ लिहिणार, संपादक तपासणार, मग छपाई. नोंदीखाली लेखकाचं नाव. म्हणून विश्वकोशातलं वाक्य आज निर्धास्तपणे उचलता येतं. याची किंमत वेळेत मोजावी लागली. पहिल्या खंडातली माहिती शेवटचा खंड येईपर्यंत चाळीस वर्षांनी जुनी झालेली असणार. पुढे विश्वकोश ऑनलाइन आला आणि विद्यापीठं व संस्था यांच्याकडे विषयवार ज्ञानमंडळं सोपवून नोंदी ताज्या ठेवायचं कामही सुरू झालं.

तज्ज्ञ कोणाला म्हणायचं, हा प्रश्न मात्र राहतो. खारफुटीवर वनस्पतिशास्त्रज्ञ लिहील आणि उत्तम लिहील. पण उधाणाच्या रात्री बांधाला खांड गेली तर आधी काय टाकायचं, पेंढा की माती की दगड, याचा तज्ज्ञ विद्यापीठात बसलेला नसतो.

चावडी आणि धूळपाटी

१५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजी विकिपीडिया सुरू झाला. त्याच्या आधी जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी न्यूपीडिया नावाचा कोश चालवून पाहिला होता. तिथे तज्ज्ञांनी लिहायचं आणि सात टप्प्यांतून तपासणी करायची. वर्ष गेलं, लेख मोजकेच झाले. मग वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये बनवलेली ‘विकी’ पद्धत वापरली, म्हणजे वाचणाऱ्यानेच पान दुरुस्त करायचं. पहिल्या वर्षाअखेर लेख वीस हजारांच्या घरात गेले.

मराठी विकिपीडिया सुरू झाला १ मे २००३ ला, महाराष्ट्र दिनी. आज त्यात लाखाच्या आसपास लेख आहेत. आपल्याला विशेष वाटावं ते त्याच्या शब्दांचं. सगळ्यांनी मिळून चर्चा करायच्या जागेला तिथे चावडी म्हणतात. लिहून बघायची, पुसायची जागा म्हणजे धूळपाटी. हे शब्द कुठल्या समितीने दिलेले वाटत नाहीत, गावातून उचललेले वाटतात. राज्य मराठी विकास संस्थेसारख्या संस्थांनी पुढे महाविद्यालयांत कार्यशाळा घेतल्या आणि मुलं धूळपाटीवर हात साफ करू लागली.

आता कोणीही लिहू शकतं म्हटल्यावर विश्वास कशावर ठेवायचा? ज्ञानकोशाला केतकरांचं नाव होतं, विश्वकोशाला तर्कतीर्थांचं. विकिपीडियात लिहिणारा कोण हे कळेलच असं नाही. म्हणून तिथे सगळा भार संदर्भावर पडतो. नियम साधारण तीन: सांगाल ते पडताळता आलं पाहिजे, बाजू न घेता लिहिलं पाहिजे, आणि स्वतःचं नवं संशोधन इथे आणायचं नाही. आधी कुठे तरी प्रसिद्ध झालेलं, तेच इथे.

हे नियम जाचक वाटतात, पण त्यांच्यामागे शहाणपण आहे. आपल्याच भागाचा विचार करा. जमिनीचे वाद, देवस्थानाचा मान कोणाचा, गावाचं नाव कशावरून पडलं, अमुक समाज मूळचा कुठला, या प्रश्नांवर ‘माझे आजोबा सांगायचे’ हा पुरावा चालू दिला तर चावडीचा आखाडा व्हायला आठवडा लागणार नाही. प्रत्येकाला आजोबा आहेत.

जे छापलं गेलं आणि जे राहिलं

आता पुन्हा किनाऱ्यावर येऊ आणि शेजारी शेजारी असलेल्या तीन गोष्टी पाहू.

पहिली, कोर्लई. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे, किल्ल्याच्या पायथ्याशी, हजारेक माणसं पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिलाफातून झालेली भाषा बोलतात. ते तिला ‘नो लिंग’ म्हणतात, म्हणजे आपली भाषा. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी तिचा अभ्यास केला, १९९६ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यामुळे एवढ्याशा वस्तीच्या भाषेवर आज ठाम संदर्भ देऊन लिहिता येतं.

दुसरी, चरीचा संप. २७ ऑक्टोबर १९३३ ला अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात कुळांनी ठरवलं की खोत-सावकारांच्या जमिनी कसायच्या नाहीत. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली पंचवीसेक गावं त्यात उतरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी पाठीशी उभं राहून १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचं विधेयक मुंबई विधिमंडळात मांडलं. संप १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षं जमीन पडीक ठेवून जगणं कसं झालं असेल, याची कल्पना करा. संपाच्या काळातच, १९३७ मध्ये, ‘कृषीवल’ सुरू झालं. वर्तमानपत्र होतं, सरकारदरबारी नोंदी होत्या, विधिमंडळाची इतिवृत्तं होती, म्हणून या लढ्याला तारखा आहेत. संपात घर चालवणाऱ्या बायकांनी काय शिजवलं, मजुरीला कुठे गेल्या, हे त्या कागदांत शोधायला गेलं तर हाताला फार थोडं लागतं.

तिसरी गोष्ट खारबंदिस्ती, आणि आमचा भाग मुख्यतः हिच्यावर बेतायचा आहे. खारेपाटातली भातशेती समुद्राच्या भरतीपेक्षा सखल असते. बाहेरकाठा म्हणजे खाडीच्या बाजूचा बांध, तो धरून ठेवतो. उघाडीतून पावसाचं पाणी ओहोटीला बाहेर सोडायचं आणि भरतीचं आत येऊ द्यायचं नाही. बांध कोणा एकाचा नसतो. एका ठिकाणी खांड गेली तर सगळ्यांचं शेत खारं होतं. म्हणून घरटी माणूस काढून, एकत्र जमून बांध घालायची रीत होती. तिला जोळ म्हणत. १९४८ च्या खारजमिनींच्या कायद्याने आणि नंतर १९७९ च्या कायद्याने हे काम हळूहळू सरकारी यंत्रणेकडे गेलं. योजना आल्या, निविदा आल्या. जोळ मात्र मागे पडली आणि तिच्याबरोबर तिचे शब्दही.

कायदे छापलेले आहेत. योजनांचे अहवाल आहेत. भाताच्या वाणांचं सांगायचं तर पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने ‘काळा राता’, ‘भुरा राता’ ही नावं पुढे आकडे जोडून शास्त्रीय कागदांत नेली, म्हणजे शेतकऱ्याच्या तोंडचं नाव टिकलं. पण जोळीला माणसं कशी बोलवत, गैरहजर राहणाऱ्याला काय दंड असे, चिखल कुठल्या बाजूने काढायचा, अमावास्येच्या उधाणाआधी कोण पहारा देई, हे सांगणारी माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत. जोळ म्हणजे काय, हे विकिपीडियावर आज लिहिलं तर उद्या त्यापुढे ‘संदर्भ हवा’ लागेल. आणि लावणाऱ्याचं काही चुकणार नाही.

या पेचावर प्रयोग झालेला आहे. २०११ मध्ये अचल प्रभाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारत आणि दक्षिण आफ्रिकेत लोकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून त्याच विकिपीडिया लेखांना संदर्भ म्हणून लावून पाहिल्या. मल्याळम, हिंदी आणि सेपेडी या भाषांत. त्यावर ‘पीपल आर नॉलेज’ नावाचा माहितीपटही निघाला. वाद भरपूर झाला, सर्वसाधारण नियम म्हणून मौखिक संदर्भ रुजले नाहीत. पण प्रश्न नीट मांडला गेला: ज्या समाजांची पुस्तकं कमी, त्यांचं ज्ञान कोशात यायचं कसं?

तर भाग कसा करायचा

आमचं उत्तर असं की नियम मोडायचा नाही, पायऱ्या चढायच्या. केहीमकरांच्या चाळीस वर्षांतून जे दिसलं तेच: सांगण्यापासून प्रसिद्ध होण्यापर्यंतचं अंतर कमी करायचं. म्हणून भागाचे तीन तुकडे ठरवले आहेत.

पहिल्या तुकड्यात विकिपीडियाची ओळख, तीही काम करत. ज्याला छापील आधार आज उपलब्ध आहे असा छोटा विषय घ्यायचा, १८८३ चं गॅझेटिअर, १९६४ ची सुधारित आवृत्ती आणि विश्वकोश समोर ठेवायचे, तिघांत काय जुळतं आणि काय नाही हे बोलत बोलत पाहायचं आणि ऐकणाऱ्यांसमोर एक परिच्छेद संदर्भासह लिहायचा. म्हणजे ‘कोणीही काहीही लिहितं’ हा समज बोलण्याने नाही, तर करून दाखवून जाईल.

दुसरा तुकडा जोळीचा. बांधावर काम केलेल्या दोघातिघांशी बोलायचं, त्यात निदान एक बाई हवीच. २०११ च्या जागतिक सर्वेक्षणात विकिपीडियाच्या संपादकांमध्ये स्त्रियांचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आत निघालं होतं. लिहिणाऱ्यांत बायका नसतील तर बायकांनी वाहिलेली मातीही लेखात येत नाही. ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीला सांगणाऱ्याचं नाव, गाव, तारीख आणि विचारणाऱ्याचं नाव आवाजातच नोंदवायचं. गॅझेटिअरने जी नावं गाळली, ती इथे पहिल्या मिनिटात येतील. कोणाला नाव नको असेल तर तेही मानायचं.

परवानगीचं मात्र सोप्या भाषेत समजावून सांगितलं पाहिजे. मुक्त परवान्याखाली आवाज ठेवला की जगात कोणीही तो वापरू शकतं, त्यावर पैसेही मिळवू शकतं, फक्त श्रेय द्यायचं आणि तोच परवाना पुढे चालू ठेवायचा. हे कळल्यावर आजोबा ‘नको’ म्हणाले, तर नको. जमिनीच्या चालू वादांबद्दल कोणी बोलू लागलं तर तो भाग ठेवायचा नाही. प्रश्न ‘कोणाची जमीन’ असा नसून ‘बांध कसा घातला’ असा विचारायचा.

बोलणं उतरवताना आगरी बोलीचं प्रमाण मराठी करायचं नाही. बाई जशी बोलली तसंच लिहायचं, अर्थ शेजारी द्यायचा. उघाडी, खांड, बाहेरकाठा असे शब्द सुटे करूनही ध्वनिमुद्रित करायचे. शब्दांचे उच्चार साठवणारा ‘लिंग्वा लिब्र’ हा प्रकल्प आहे, त्यात ते ठेवता येतात. पन्नास शब्द झाले तरी पुढच्या कोशकाराला पाया मिळेल.

तिसऱ्या तुकड्यात पुढचं. उतरवलेलं बोलणं छापायचं: गावच्या स्मरणिकेत, स्थानिक वर्तमानपत्रात, एखाद्या दिवाळी अंकात. एक प्रत सार्वजनिक वाचनालयात द्यायची. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानंतर राज्यात गावोगाव वाचनालयं उभी राहिली, त्यांच्या कपाटात गावाविषयीचंच साहित्य कमी असतं. महाविद्यालयातल्या मराठीच्या, भूगोलाच्या, इतिहासाच्या प्राध्यापकांना ते वाचायला द्यायचं. त्यांनी तपासून, इतर गावांशी पडताळून लेख लिहिला की तो संदर्भ झाला. आमच्याच पॉडकास्टचा दुवा आम्हीच विकिपीडियावर लावायचा, हे मात्र करायचं नाही. लेखाच्या चर्चापानावर सांगायचं की अशी सामग्री आहे, आणि वापरायची की नाही हे इतरांवर सोडायचं. आपल्या तोंडाने आपली साक्ष काढू नये, हा संकेत गावच्या पंचायतीतही होताच.

काही श्रोते विचारतील की एवढा खटाटोप कशासाठी, जोळ तर आता राहिली नाही. दोन कारणं. उधाणं थांबलेली नाहीत. बांध अजून फुटतात, शेतं खारी होतात, आणि दुरुस्ती कशी व्हावी यावर दरवर्षी बोलणं होतं. त्या बोलण्यात पूर्वी गाव हे काम स्वतः कसं करत होतं, याचा पुरावा कोणाच्या हातात असेल तर बोलण्याला वजन येतं. आणि दुसरं, आज जगभरची माणसं आणि यंत्रंही या किनाऱ्याबद्दल जे सांगणार, ते बहुतेक कोशातून उचलूनच सांगणार. कोशात कॅम्पबेलच असेल तर कॅम्पबेलच ऐकू येईल.

शेवटी एक विनंती. ‘संदर्भ हवा’ हे शब्द वाचून रागावू नका, ते मागणं समजा. घरात माळ्यावर जुन्या स्मरणिका असतील, शाळेच्या शताब्दीचे अंक असतील, कोळी सोसायटीचे अहवाल, बांध-पंचांची वही, ‘कृषीवल’ची कात्रणं असतील. रद्दीत टाकण्याआधी एकदा वाचनालयात दाखवा. आणि घरात बांधावर काम केलेलं कोणी असेल, तर या पावसाळ्याआधी त्यांच्याजवळ बसा, फोनवर ध्वनिमुद्रण सुरू करा, आणि आधी त्यांचं पूर्ण नाव विचारा.

आज इथे थांबतो. प्रश्न असतील ते आता घेऊ.